महारेरा एजंटची परीक्षा देतेय – अभ्यास कसा करावा?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मी नाशिकला १७ वर्षं भाड्याच्या घरांचं आणि जुन्या फ्लॅटच्या खरेदी-विक्रीचं काम करते. आता नव्या प्रकल्पांमधले फ्लॅट दाखवायचं काम येऊ लागलंय, म्हणून महारेराकडे (महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) एजंट म्हणून रीतसर नोंदणी करायची आहे. २० तासांचं प्रशिक्षण गेल्या आठवड्यात पूर्ण झालं. परीक्षेला अजून तीन आठवडे आहेत.

काल रात्री सरावाचे ५० प्रश्न सोडवले. त्यातले १९ चुकले. चुकले याचं वाईट वाटलं, पण कोणते चुकले ते पाहिल्यावर जास्त अस्वस्थ झाले. अपील कुठे करायचं, दंड किती, हे नवीन वाचलेलं जवळजवळ सगळं बरोबर आलं. क्षेत्रफळ, बुकिंगची रक्कम, जाहिरात, म्हणजे जे मी रोज उठून करते, त्याच्यावरचे प्रश्न चुकले. बारावीनंतर पुस्तक हातात धरलेलं नाही. ज्यांनी परीक्षा दिली आहे त्यांनी नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने वाचलं, ते सांगाल का?

पायाभरणी

ताई, आधी अभिनंदन, कारण नेमकी चूक तुम्ही पहिल्याच दिवशी पकडलीत. मी २०२३ मध्ये परीक्षा दिली. महारेराने जानेवारी २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र बंधनकारक करणारा आदेश काढला आणि मे महिन्यात पहिली परीक्षा झाली. आमच्या गटात २०-२० वर्षं धंद्यात असलेले लोक होते. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलंही होती. मुलांना कमी त्रास झाला, कारण त्यांच्या डोक्यात जुनं काही नव्हतं. आम्ही प्रश्न वाचला की 'आपल्याकडे काय करतात' ते आठवायचो. पेपर विचारतो 'कायद्यात काय लिहिलंय'.

माझा क्रम असा होता. प्रशिक्षणाच्या नोट्स बाजूला ठेवा आणि मूळ कायदाच वाचा, स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६. एकूण ९२ कलमं आहेत, घाबरण्यासारखं नाही. त्यातही सुरुवात पहिल्या कलमापासून करू नका. कलम ९ आणि १० आधी घ्या, ती आपली आहेत. ९ मध्ये एजंटची नोंदणी, १० मध्ये त्याची कर्तव्यं. ती पाठ होईपर्यंत पुढे जाऊ नका. मग ३ ते १९, म्हणजे प्रकल्पाची नोंदणी, बिल्डरची जबाबदारी, ग्राहकाचे हक्क. मग थेट ५९ ते ६८ दंड. मधलं प्राधिकरण कसं स्थापन होतं, सदस्य कोण असतात वगैरे शेवटी एकदा वाचलं तरी चालतं.

नवखा_पनवेल

मीही याच बॅचला बसतोय. मला उलटा प्रश्न आहे. धंद्याचा अनुभव शून्य, त्यामुळे शब्दच कळत नाहीत. मराठीतून पेपर घेतोय. 'प्रवर्तक' म्हणजे बिल्डर हे कळायला दोन दिवस गेले. 'चटई क्षेत्र' आणि 'चटई क्षेत्र निर्देशांक' एकच का?

पायाभरणी

अजिबात नाही, आणि हा गोंधळ मराठीतून परीक्षा देणाऱ्यांचाच होतो. चटई क्षेत्र म्हणजे कार्पेट एरिया, घराच्या आतली वापरायची जागा. चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे एफएसआय, भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं त्याचा आकडा. पहिला फ्लॅटचा, दुसरा जमिनीचा. शब्द सारखे असले तरी संबंध नाही. अभ्यास करताना प्रत्येक मराठी शब्दासमोर बाजारातला शब्द लिहून ठेव.

गोदाकाठची

माझे तीन प्रश्न या कार्पेटवरच चुकले! आमच्याकडे अजूनही गिऱ्हाईक 'सेलेबल किती', म्हणजे जिना-लॉबीचा वाटा वगैरे धरून फुगवलेलं क्षेत्रफळ किती, असंच विचारतं. मी इतकी वर्षं बाल्कनी धरून कार्पेट सांगत आले.

चावडी

मी पुण्यात दस्त लेखनाचं काम करतो, एजंट नाही. पण करारनाम्यात हे क्षेत्रफळ रोज लिहावं लागतं म्हणून सांगतो. कलम २(ट), इंग्रजी प्रतीत ते 'के' म्हणून येईल. व्याख्या तीन वेळा हाताने लिहून काढा. बाहेरच्या भिंतींखालची जागा धरायची नाही. डक्ट, शाफ्ट धरायचे नाहीत. त्या फ्लॅटपुरती असलेली बाल्कनी, व्हरांडा, उघडी गच्ची धरायची नाही. घराच्या आतल्या, खोल्या वेगळ्या करणाऱ्या भिंती मात्र धरायच्या. या शेवटच्या वाक्यावर बहुतेकांची विकेट जाते.

उदाहरण घ्या. खोल्यांची आतली मापं मिळून ६० चौ.मी., आतल्या भिंती २.५, बाल्कनी ४, बाहेरच्या भिंती ३. कार्पेट किती? ६२.५ चौ.मी. बाकी सगळं बाहेर. चौरस फुटात हवं असेल तर १०.७६४ ने गुणा, साधारण ६७३ चौ.फूट. बाल्कनी करारात लिहायची, पण वेगळ्या ओळीत.

जमिनीची मापंही एकदा डोळ्यांखालून घाला. एक गुंठा १,०८९ चौ.फूट, ४० गुंठे म्हणजे एक एकर, १०० आर म्हणजे एक हेक्टर. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं आणि गिऱ्हाईक गुंठ्यात बोलतं. एजंटला दोन्ही यायलाच हवं, पेपरात येवो न येवो.

रानजाई

वाचनखूण साठवली. खूप उपयोगी धागा. मला बुकिंगच्या रकमेबद्दल विचारायचंय. १० टक्के करारनाम्याआधी घेता येतात ना?

पायाभरणी

१० टक्क्यांपर्यंत. कलम १३. त्याहून एक रुपया जास्त घ्यायचा असेल तर आधी लेखी करारनामा आणि त्याची नोंदणी. टोकन, अर्जाची फी, 'आगाऊ' म्हणून घेतलेले पैसे, सगळं त्या १० टक्क्यांत धरायचं. ६० लाखांचा फ्लॅट असेल तर करारनामा नोंदवण्याआधी ६ लाखांच्या वर जाता येत नाही.

धंद्यातली सवय काय आहे, हे आपण सगळे जाणतो. '२० टक्के भरा, मग करारनाम्याचं बघू.' प्रश्नात नेमकी हीच परिस्थिती देतात आणि चार पर्यायांत एक पर्याय आपल्या सवयीचा असतो. तो फार ओळखीचा वाटतो, म्हणून चटकन टिक होतो.

गोदाकाठची

हो! मी नेमकं तेच केलं होतं.

उंबरठा

मी एजंट नाही, बिल्डरही नाही. घर घेताना पोळलेली आहे, म्हणून लिहितेय. तुम्ही अभ्यास करताय हे वाचून बरं वाटलं.

आम्ही फ्लॅट बुक केला तेव्हा एजंटने तोंडी सांगितलं होतं, 'पुढच्या दिवाळीला ताबा.' आम्ही भाड्याच्या घराचा करार त्या हिशोबाने केला, मुलाची शाळा त्या हिशोबाने बदलली. नंतर कळलं की महारेराच्या संकेतस्थळावर त्याच प्रकल्पाची पूर्ण करण्याची तारीख त्या दिवाळीच्या दोन वर्षं पुढची होती. ती पहिल्या दिवसापासून तिथेच होती, कुणीही पाहू शकलं असतं. त्या माणसाने एकदा मोबाईलवर ते पान उघडून दाखवलं असतं तर आमचे हप्ते आणि भाडं दोन्ही एकदम भरायची वेळ आली नसती. तो खोटं बोलला की त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

परीक्षेत येत असेल नसेल, पण प्रकल्पाचं पान कसं वाचायचं हे कृपा करून शिका.

पायाभरणी

उंबरठाताई, तुम्ही जे लिहिलंत ते कलम १०(घ) आहे, इंग्रजीतलं 'डी'. बुकिंगच्या वेळी ग्राहकाला ज्या ज्या माहितीचा आणि कागदपत्रांचा हक्क आहे, ती त्याच्या हाती पडेल असं पाहणं हे एजंटचं कर्तव्य आहे. आणि १०(ग) मध्ये खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगणं अनुचित प्रथा म्हणून दिलंय. तुमची गोष्ट वाचल्यावर ही दोन पोटकलमं कुणी विसरणार नाही.

चावडी

पान वाचायचं म्हणजे काय, ते थोडं सविस्तर लिहितो, कारण प्रशिक्षणात हे घाईत उरकतात.

प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक 'पी' अक्षराने सुरू होतो, एजंटचा 'ए'ने. जाहिरातीत क्रमांक तर लागतोच, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. तो स्कॅन केला की थेट प्रकल्पाचं पान उघडतं. तिथे आधी पूर्णत्वाची तारीख बघा, आणि मूळ तारीख कोणती, मुदतवाढ मिळालेली तारीख कोणती, हे वेगवेगळं बघा. मग मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी. सीसी कितव्या मजल्यापर्यंत आहे ते वाचा. फ्लॅट अकराव्या मजल्यावर आणि सीसी सातव्यापर्यंत असली, तर तो फ्लॅट आज कागदावर नाही. मग जमिनीच्या मालकीचा वकिली अहवाल, बोजा असेल तर कुणाचा. किती फ्लॅट बुक झाले तेही तिथे असतं. आणि प्रकल्पावर चालू खटले.

ग्राहकाबरोबर बसून हे करायला १५ मिनिटं लागतात. मी तर म्हणतो, रोज एका अनोळखी प्रकल्पाचं पान उघडून बघा, तीन आठवड्यांत २० पानं होतील. कलम ४ आणि ११ आपोआप पाठ होतील, कारण त्या पानावरची प्रत्येक गोष्ट त्या कलमांतूनच आली आहे.

नवखा_पनवेल

७० टक्क्यांचा नियम मला फक्त आकडा म्हणून पाठ आहे. नेमकं काय असतं ते?

पायाभरणी

ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे. ते फक्त जमिनीच्या आणि बांधकामाच्या खर्चासाठी वापरायचे. काढतानाही मनाला येईल तसे नाही. जेवढं काम झालं त्या प्रमाणात, आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए या तिघांनी प्रमाणित केल्यावर. पूर्वी एका साइटचे पैसे दुसऱ्या साइटच्या जमिनीत जायचे आणि पहिली इमारत चौथ्या मजल्यावर थांबायची. अशा अर्धवट इमारती आपण सगळ्यांनी पाहिल्यात. हे लक्षात ठेवलंस तर ७० हा आकडा वेगळा पाठ करावा लागणार नाही.

गोदाकाठची

एक मूलभूत शंका. माझं ७० टक्के काम भाड्याचं. त्यालाही नोंदणी लागते का? प्रशिक्षणात दोघांनी दोन उत्तरं दिली.

पायाभरणी

भाड्यासाठी नाही. कायद्यातली एजंटची व्याख्या प्रकल्पातल्या फ्लॅट-प्लॉटच्या विक्रीशी बांधलेली आहे, आणि कलम ९ नोंदणीकृत प्रकल्पातल्या खरेदी-विक्रीबद्दल बोलतं. पण नव्या प्रकल्पातला एक फ्लॅट जरी दाखवला तरी नोंदणी हवी. 'मी फक्त गिऱ्हाईक पाठवलं' हे उत्तर चालत नाही, ओळख करून देणारा आणि वाटाघाटी करणारा दोघेही व्याख्येत येतात.

आणि प्रमाणपत्राचं गांभीर्य कुणाला वाटत नसेल तर आठवण करून देतो. जानेवारी २०२४ मध्ये, प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी महारेराने स्थगित केली होती.

चावडी

भाड्याचं काम करता म्हणून एक सांगतो, ताई. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार सक्तीचं आहे, आणि जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. भाडेकरूवर नाही.

आणि दस्ताबद्दल दोन ओळी. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला न्यायचा. उशीर झाला तर आणखी चार महिने दंड भरून. मुद्रांक शुल्क वेगळं आणि नोंदणी फी वेगळी, पेपरात ही दोन मुद्दाम मिसळतात. व्यवहार ५० लाखांचा किंवा त्याहून मोठा असला तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापायचा. कापायची जबाबदारी घेणाऱ्याची, विकणाऱ्याची नाही. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला) मिळाल्यानंतर विकलेल्या तयार फ्लॅटवर जीएसटी नाही, बांधकाम चालू असेल तर आहे.

रानजाई

दंडाची कलमं डोक्यात राहतच नाहीत हो. ५९, ६०, ६१... सगळीकडे ५ टक्के आणि १० टक्के.

गोदाकाठची

हे मला जमलंय, मी सांगते. मी वहीच्या पानावर तीन उभे रकाने पाडले: बिल्डर, एजंट, घर घेणारा.

मग आडव्या ओळी. महारेराचा आदेश मोडला, तर तिघांनाही रोजचा दंड, एकूण ५ टक्क्यांपर्यंत. तुरुंग नाही. कलमं ६३, ६५, ६७. अपिलीय न्यायाधिकरणाचा आदेश मोडला, तर तुरुंगही होऊ शकतो आणि दंड १० टक्क्यांपर्यंत जातो. बिल्डरला ३ वर्षांपर्यंत, एजंटला आणि घर घेणाऱ्याला १ वर्षापर्यंत. कलमं ६४, ६६, ६८. विषम आकडे महारेराचे, सम आकडे न्यायाधिकरणाचे. हे दिसल्यावर मला रात्री झोप लागली.

बिल्डरने नोंदणीच केली नाही तर प्रकल्पाच्या अंदाजे खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत, कलम ५९. खोटी माहिती दिली तर ५ टक्क्यांपर्यंत, कलम ६०. आणि एजंटने ९ किंवा १० मोडलं तर कलम ६२: दिवसाला १० हजार रुपये, त्या फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत.

पायाभरणी

उत्तम, ताई. यात एक भर. ६२ वर गणित करून बघा. ४० लाखांचा फ्लॅट असेल तर ५ टक्के म्हणजे २ लाख. दिवसाला १० हजार म्हणजे २० दिवसांत मर्यादा गाठली. एका फ्लॅटवर मिळणारी दलाली आणि हा दंड शेजारी शेजारी लिहा.

नवखा_पनवेल

छोट्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे, त्या ५०० चौ.मी. आणि ८ फ्लॅटच्या सवलतीवर कालच्या सराव चाचणीत प्रश्न होता. जमीन बरोबर ५०० चौ.मी. मी 'नोंदणी लागते' लिहिलं, चूक निघालं.

चावडी

शब्द आहेत '५०० चौ.मी.पेक्षा जास्त नसेल'. बरोबर ५०० म्हणजे जास्त नाही, म्हणून सूट. ८ फ्लॅटचंही तेच, आणि ते सगळे टप्पे मिळून मोजायचे. कायद्यात 'पेक्षा जास्त', 'पर्यंत', 'किमान' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारत जा.

तसंच मुदतींचं. रचनेतला दोष दाखवायची मुदत ताब्यापासून ५ वर्षं, आणि बिल्डरने तो ३० दिवसांत दुरुस्त करायचा. महारेराच्या आदेशावर न्यायाधिकरणात अपील ६० दिवसांत, तिथून उच्च न्यायालयात पुन्हा ६० दिवस. भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर घर घेणाऱ्याने दोन महिन्यांत ताबा घ्यायचा.

उंबरठा

ताबा उशिरा मिळाला तर ग्राहकाचे दोन मार्ग असतात, तेही लिहा कुणीतरी. मला एकच सांगितला गेला होता.

पायाभरणी

कलम १८. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर सगळे पैसे व्याजासकट परत. राहायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याच्या उशिराचं व्याज. निवड ग्राहकाची, बिल्डरची नाही. महाराष्ट्राच्या नियमांत व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (बँकेच्या कर्जाच्या पायाभूत व्याजदरावर) २ टक्के असा आहे. ग्राहकाने हप्ता उशिरा भरला तर त्यालाही तोच दर, हे विसरू नका. तुम्हाला फक्त एक मार्ग सांगितला गेला याचं खरंच वाईट वाटतं, ताई.

गोदाकाठची

तीन आठवड्यांनी परत येतेय. परीक्षा झाली, उत्तीर्ण झाले!

पेपर संगणकावर होता, मी मराठीतून दिला. कार्पेटची व्याख्या मी चावडीकाकांच्या सांगण्यावरून तीन नाही, सात वेळा लिहिली होती. बसल्यावर पहिली दहा मिनिटं हात थरथरत होते, मग एकेक कलम ओळखीचं दिसू लागलं. जिथे अडले तिथे 'आपल्याकडे काय करतात' हा विचार मुद्दाम बाजूला ठेवला. नोंदणीचा अर्ज आता भरतेय. व्यक्तीसाठी १०,००० रुपये फी आहे, नोंदणी ५ वर्षांची.

आणखी एक घडलं ते सांगते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका ओळखीच्या विकासकाचा फोन आला. नवीन लेआउट येतोय, प्रकल्पाचा नंबर यायचा आहे, 'तोवर तुमच्या गिऱ्हाइकांची नुसती नावं लिहून घ्या, पैसे नको.' तीन महिन्यांपूर्वी मी लगेच हो म्हटलं असतं, त्यात वावगं काही वाटलंच नसतं. आता कलम ३ समोर होतं: नोंदणीआधी जाहिरात नाही, बुकिंग नाही, विक्री नाही, आणि लोकांना खरेदीसाठी कोणत्याही रीतीने बोलावणंही नाही. आणि आपलं १०(क): नोंदणी नसलेल्या प्रकल्पाच्या विक्रीला एजंटने हातभार लावायचा नाही. मी म्हटलं, नंबर आला की लगेच कळवा, गिऱ्हाईक घेऊन येते. त्यांना ते आवडलं नाही. फोन ठेवल्यावर मी उंबरठाताईंचा प्रतिसाद पुन्हा वाचला.

उंबरठा

ताई, डोळ्यांत पाणी आलं. अभिनंदन.

चावडी

मनापासून अभिनंदन. नोंदणी झाली की 'ए'वाला क्रमांक प्रत्येक व्यवहाराच्या कागदावर आणि जाहिरातीत लिहायचा, व्हॉट्सॲपवर टाकलेल्या फ्लॅटच्या फोटोंखालीसुद्धा.

नवखा_पनवेल

अभिनंदन ताई! माझी तारीख पुढे गेली होती, आता येत्या रविवारी आहे. तुमच्या वहीतल्या त्या तीन रकान्यांच्या पानाचा फोटो टाकाल का?

गोदाकाठची

आत्ताच टाकलाय, नवखादादा. ६५ आणि ६६ च्या ओळी पेनाने खोडून पुन्हा लिहिल्यात, त्या नीट बघा. आणि चौथा रकाना तुमच्यासाठी रिकामा ठेवलाय, त्यात मुदती लिहा.